वऱ्हाडातला विटाळ आणि पाळी ढकलणारी गोळी

पाळी पुढे ढकलण्याची गोळी वऱ्हाडात आता सणाच्या तयारीतच मोडते. भाद्रपद जवळ आला की अमरावती-अकोल्याच्या घरांत महालक्ष्म्यांचे मुखवटे माळ्यावरून खाली येतात, डाळ-गूळ भरला जातो आणि घरातली सून बोटांवर तारखा मोजू लागते. तारीख नेमकी त्या तीन दिवसांवर येत असेल तर औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात. नवरात्र, घरचे लग्न, वास्तुशांती, शेगावची किंवा पंढरपूरची वारी, सगळीकडे हाच उपाय. संततिनियमनाच्या गोळ्या याच कुळातल्या. त्या सरकारने फुकट वाटल्या, तरी या भागात त्यांचा वापर थोडाच राहिला. मूल लांबवण्यासाठी ज्या औषधाकडे बायकांनी पाठ फिरवली, ते विटाळ लांबवण्यासाठी सहज घरात आले. हे कसे घडले ते समजायला पाळीकडे पाहण्याची इथली जुनी दृष्टी आधी पाहावी लागते.

विटाळाच्या कल्पनेला धर्मग्रंथांचा आधार फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्राच्या ब्रह्महत्येची कथा येते. ते पाप वाटून घेणाऱ्यांत स्त्रियाही होत्या आणि त्यांच्या वाट्याचे पाप दर महिन्याला रजाच्या रूपाने प्रकट होते, असे ती सांगते. पुढे स्मृतींनी रजस्वलेचे नियम बांधले. सामान्य बाईपर्यंत हे सगळे पोचले ते मात्र ऋषिपंचमीच्या कहाणीतून. विटाळात भांड्यांना शिवल्यामुळे ब्राह्मणाची बायको पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल झाला, ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली. भाद्रपद शुद्ध पंचमीला आघाड्याच्या काड्यांनी दात घासून स्नान करायचे, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही आणि वर्षभरात नकळत झालेल्या शिवाशिवीचे पाप धुऊन काढायचे. गणपती, ऋषिपंचमी आणि महालक्ष्म्या एकाच पंधरवड्यात येतात. त्यामुळे विटाळाची धास्ती वर्षभरात सगळ्यांत जास्त याच दिवसांत वाटत आली आहे.

नियम सगळ्या घरांत सारखे कधीच नव्हते. देशमुखांच्या वाड्यांत आणि ब्राह्मण घरांत पाळी आलेली बाई तीन दिवस बाहेर बसे. तिची जागा परसाकडच्या सपरीत किंवा ओसरीच्या कोपऱ्यात. अंथरायला वेगळे घोंगडे, वेगळे ताट, वेगळा तांब्या. पाणी वरून ओतले जाई. लहान मुलांना कावळा शिवला म्हणून सांगत. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती घरात येई, देवाजवळ मात्र पाचव्या दिवशी. लोणच्याच्या बरणीला, पापडाच्या पिठाला, तुळशीला तिचा हात लागू देत नसत. अंजनगाव सुर्जीकडे बारी समाजाचे पानमळे आहेत. नागवेलीला विटाळ सोसत नाही, ती सुकते, अशी समजूत असल्यामुळे मळ्यात शिरतानाही सोवळे पाळले जाई.

मजुरी करणाऱ्या घरांत तीन दिवस बसून राहणे परवडत नसे. निंदणाला आणि कापूस वेचायला गेले नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडे. अशा घरांत विटाळ चूल आणि देव यांच्यापुरता राही. कपाशीच्या तासात वाकून दिवसभर काम केलेली बाई संध्याकाळी आपल्याच घरात देवाच्या कोनाड्यापासून लांब उभी राहायची. वाड्यातल्या म्हाताऱ्या बायका बाहेर बसण्याच्या दिवसांना हक्काची विश्रांती म्हणत आल्या आहेत. त्यात तथ्य आहे, कारण एरवी सूर्योदयापासून रात्रीपर्यंत त्यांना कुणी बसू देत नव्हते. पण ती विश्रांती बाईला आराम मिळावा म्हणून कुणी ठरवलेली नव्हती. तिच्या स्पर्शापासून घर वाचवण्याची ती व्यवस्था होती आणि विसावा त्यातून आपोआप मिळाला. थंडीत सपरीत झोपणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीला तो विसावा वाटला असेल असे मानणे कठीण आहे.

पहिल्या पाळीचा मान मात्र वेगळा होता. मुलगी न्हाण आली की तिला मखरात बसवत, नवे लुगडे नेसवत, ओटी भरत, बायका गाणी म्हणत. बालविवाहाच्या काळात याचा अर्थ सरळ होता: सून सासरी नांदायला आणि मूल जन्माला घालायला तयार झाली. त्यानंतर लवकरच गर्भाधानाचा संस्कार करायचा, हा शास्त्राचा दंडक. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलीशी संबंध हा गुन्हा ठरवला, तेव्हा महाराष्ट्रात उसळलेल्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. बारा वर्षांच्या आत न्हाण आले तर संस्काराचे काय? मुलीच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न त्या वादात फार थोड्यांनी विचारला. लग्नाचे वय वाढत गेले तसे मखर मागे पडले. पहिल्या दिवसाचा जाहीर आनंद गेला आणि दर महिन्याचे लपवणे तेवढे उरले.

विटाळ सगळ्यांनी निमूट मान्य केला होता असे मात्र नाही, आणि त्याला सर्वांत स्पष्ट नकार याच मातीत दिला गेला. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. गोविंदप्रभू तिथले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या मागे त्यांचे अनुयायी तिथेच जमले आणि म्हाइंभटाने तिथे लीळाचरित्राच्या आठवणी गोळा केल्या. चक्रधरांच्या भोवती स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या प्रश्न विचारत, वाद घालत. महदाइसेसारखी कवयित्री त्यांच्यातलीच. पाळीतल्या विटाळाविषयी चक्रधरांनी दिलेले उत्तर आजही चकित करते. नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसाच हा देहाच्या द्वारातून येणारा एक स्राव आहे. धुवावे आणि आपल्या कामाला लागावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. ना पाप, ना प्रायश्चित्त. सातशे वर्षांपूर्वी मराठीत आणि बायकांसमोर हे बोलले गेले.

दुसरा नकार वारकरी परंपरेतला आहे. चोखामेळ्याचे जन्मगाव बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा मानले जाते. त्याची पत्नी सोयराबाई हिने अभंगात विटाळाचा मुद्दा मुळापासून उचलला. देहाची उत्पत्तीच ज्या विटाळातून होते, त्या विटाळाने एक देह अशुद्ध आणि दुसरा शुद्ध कसा, असे ती देवाला विचारते. तिला जातीचा विटाळ जन्मापासून चिकटलेला होता, त्यावर बाईचा महिन्याचा विटाळ. दोन्ही एकाच कल्पनेतून येतात, हे तिने जितके नेमके पकडले तितके पुढच्या अनेक सुधारकांनाही पकडता आले नाही. १९२७ मध्ये पंजाबराव देशमुखांच्या पुढाकाराने अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा झाला. त्याचा प्रश्न अस्पृश्यतेचा होता. पाळीतल्या बाईने गाभाऱ्यापासून लांब राहायचे, ही गोष्ट त्या काळी वादाचा विषयही झाली नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर वऱ्हाडातल्या अनेक बौद्ध घरांतून ऋषिपंचमी आणि सत्यनारायण गेले. जिथे देवघरच उरले नाही तिथे देवघराचा विटाळ टिकण्याचे कारणही उरले नाही.

कापसाच्या या प्रदेशात पाळीसाठी वापरायला मिळे ते जुन्या लुगड्याचे धडपे. ते पुन्हापुन्हा धुवायचे, आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून गोठ्याच्या आडोशाला किंवा दुसऱ्या कपड्याखाली वाळवायचे. ऊन न लागलेले ओलसर फडके संसर्गाला आमंत्रणच देते. दुखणे सांगायचे कुणाला, हा पुढचा प्रश्न. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही स्त्रियांची रुग्णालये इंग्रजी काळापासून आहेत. पण तिथे बायका जात त्या बाळंतपण अडले तर. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे यांसाठी दवाखाना गाठायची रीत नव्हती. विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गडचिरोलीत, राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के निघाल्या. तो अभ्यास वऱ्हाडातला नाही. पण पाळीबद्दलची लाज बाईला काय किंमत मोजायला लावते, याचे इतके जवळचे आणि इतके स्पष्ट मोजमाप त्याआधी झाले नव्हते.

पाळी अशुद्ध, आणि तरीही ती यायलाच हवी, अशी दुहेरी समजूत बायकांच्या मनात असते. महिन्याचे रक्त म्हणजे शरीरातली घाण. ती निघून गेली की अंग हलके होते. ती अडली तर आत साठते, अंग फुगते, डोळ्यांवर येते, असे गावोगाव सांगितले जाते. म्हणून पाळी लांबली की तीळ-गूळ, पपई, सुईणीचे काढे असे उष्ण उपाय सुरू होत. औषधी गोळ्या आल्या तेव्हा हेच काम त्यांच्याकडेही गेले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चुकलेली पाळी आणण्यासाठी आणि गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी देशभर सर्रास दिल्या जात. पोटातल्या गर्भाला त्यांचा धोका होता. स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या दीर्घ लढ्यानंतर १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. पाळीवर गोळीचा ताबा चालतो, हे तोपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाले होते.

त्या ताब्यामागचे रसायन दूरवर तयार झाले. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोन्तेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने नॉरएथिस्टेरॉन बनवले. प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे, पण तोंडाने घेता येणारे हे द्रव्य. कच्चा माल होता मेक्सिकोच्या जंगलातला एक रानटी कंद. अमेरिकेत पहिल्या गोळीला, म्हणजे एनोव्हिडला, १९५७ मध्ये परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळायला १९६० उजाडले. म्हणजे गोळीचा जन्मच मुळी पाळीचे औषध म्हणून झाला. संततिनियमनाच्या गोळीत एकवीस दिवसांनंतर सात दिवसांचा खंड ठेवण्यामागेही बायकांना दर महिन्याला रक्तस्राव दिसावा आणि सारे नैसर्गिक वाटावे, हा विचार होता. त्या सात दिवसांत येते ती खरी पाळी नसते. संप्रेरकांचा पुरवठा थांबल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सुटते, एवढेच.

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार गोळीच्या कितीतरी आधी आला. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र उघडले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पण सरकारचा भर लवकरच शस्त्रक्रियेवर आला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा बनले नाही. आणीबाणीनंतर पुरुषांची नसबंदी बदनाम झाली आणि सगळा भार बायकांवर आला. दोन-तीन लेकरे झाली की कॅम्पला जाऊन 'ऑपरेशन' करायचे, हीच वऱ्हाडातली रीत बनली. १९८०च्या दशकापासून माला-एन फुकट आणि माला-डी स्वस्तात मिळू लागली. एकवीस संप्रेरकांच्या गोळ्या आणि सात लोहाच्या. तरी महाराष्ट्रात स्त्रियांची शस्त्रक्रिया हीच मुख्य पद्धत राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांनी तीच पद्धत वापरलेली दिसते, आणि गोळी वापरणाऱ्यांचा वाटा अगदी थोडा. रोज लक्षात ठेवून घ्यायची गोळी, तीही सासू-नवऱ्याच्या नजरेखाली, आणि तिने अंग सुटते, मळमळते ही बोलवा. मुलगा होण्याआधी ती घ्यायची सोय नव्हती आणि मुलगा झाल्यावर शस्त्रक्रिया होतीच.

पाळी ढकलणाऱ्या गोळीला यांपैकी एकही अडथळा आला नाही. ती आठ-दहा दिवसांपुरती. तिच्यासाठी नवऱ्याला विचारावे लागत नाही. उलट बहुतेकदा सासूच ती आणायला सांगते. तिच्या प्रसाराचे खरे कारण मात्र घराच्या आकारात आहे. एकत्र कुटुंबात महालक्ष्म्यांच्या वेळी घरात चार-पाच बायका असत. एकीला अडचण आली तर दुसरी सोवळ्यात स्वयंपाक करी, तिसरी वाती वळी. पाळी आलेली बाई बाहेर बसली म्हणून सण अडत नसे. अमरावतीच्या कँपात, अकोल्याच्या जठारपेठेत, नोकरीच्या गावच्या दोन खोल्यांत घर विभागले गेले आणि घरात बाई एकच उरली. महालक्ष्म्यांचे दिवस नक्षत्रावर ठरतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. ते पुढेमागे करता येत नाहीत. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी आणि जेवायला येणारा सगळा गोतावळा, हे सारे एकाच बाईच्या हातावर. अशा घरात विटाळाचा नियम आणि सण दोन्ही पाळायचे तर पाळीलाच हलवावे लागते. जुन्या वाड्यात नियम पाळायला जागा होती आणि माणसेही होती. फ्लॅटमध्ये दोन्ही नाहीत, म्हणून ते ओझे बाईच्या शरीरावर आले. गोळीने विटाळ मोडला असे अनेकींना वाटते. प्रत्यक्षात गोळीमुळेच तो नव्या घरात टिकून राहिला.

या गोळीत बहुधा ५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घ्यायची आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तत्त्व साधे आहे. पाळी येते ती प्रोजेस्टेरॉनची पातळी उतरली की. बाहेरून तसेच द्रव्य देत राहिले तर अस्तर टिकून राहते. काहींना मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणे, मधूनच डाग पडणे असे त्रास होतात, आणि नंतरची पाळी जास्त जाऊ शकते. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव असे काही असेल तर ती घेऊ नये. म्हणूनच ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची असते. पण ती शेजारणीच्या सांगण्यावरून आणली जाते, पाकीट मागायला नवरा किंवा मुलगा जातो, आणि कुणाला कोणता आजार आहे हे विचारले जात नाही. एका सणाला घेतलेली गोळी धडधाकट बाईला सहसा इजा करत नाही. गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र आणि दिवाळी असे लागोपाठ महिने ढकलत राहणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तसे करणाऱ्या बायका आहेत. आणखी एक गैरसमज घातक ठरतो: पाळी लांबवणाऱ्या या गोळ्यांनी गर्भ राहत नाही, असे अनेकींना वाटते. त्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्या नसतात.

कष्टकरी बायकांच्या बाबतीत पाळीवरच्या ताब्याने भलतेच रूप घेतले. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांत गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात, हे २०१९ मध्ये उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड लावतो. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. त्यात अंगावरून जाण्याचे दुखणे, आणि पिशवी काढून टाक म्हणणारा डॉक्टर. सणाच्या सोवळ्यासाठी गोळी घेणारी अमरावतीची गृहिणी आणि मजुरीसाठी पिशवी गमावणारी बीडची ऊसतोड कामगार यांच्यात अंतर खूप आहे. पण दोघींच्याही बाबतीत काम किंवा नियम तसाच राहिला आणि बदलावे लागले ते शरीराला.

बायकांना पाळी नकोच असते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दहा देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांना पाळीविषयी विचारले होते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पाळी बंद करणारे गर्भनिरोधक बहुतेकींना नको होते. वऱ्हाडातही हीच वृत्ती दिसते. चार दिवस ढकलायला हरकत नाही, पण ती यायला हवी. ती येणे म्हणजे दिवस गेले नाहीत याची खात्री, आणि तब्येत ठीक असल्याची खूण. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मिळू लागलेल्या 'अंतरा' इंजेक्शनाने अनेकींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. लखनौच्या संस्थेत शोधलेल्या, संप्रेरक नसलेल्या 'छाया' गोळीनेही काहींची पाळी लांबते. पाळी थांबली तर घाण आत साठत नाही, अस्तरच पातळ राहते म्हणून बाहेर पडायला काही नसते, हे नीट समजावून सांगितले नाही तर बाई दुसऱ्या डोसला येत नाही.

नव्या पिढीत नियम विरघळत चालले आहेत, मात्र सगळीकडे सारखे नाहीत. बाहेर बसणे शहरांतून जवळपास गेले. वसतिगृहात राहून शिकलेल्या मुली स्वयंपाकघर, लोणचे, तुळस यांची बंधने मानत नाहीत. देवघर अजून बरेच जण मानतात, आणि महालक्ष्म्या तर जवळजवळ सगळेच. काही घरांत सुनेने पाळी असतानाच नैवेद्य केला आणि सासूने काही म्हटले नाही. काही घरांत त्यावर वर्षभर बोलणे बंद झाले. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले. गावात किशोरींच्या बैठकांत आशाताई पॅड कसे वापरायचे, लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या हे सांगतात. पाळीत देवाला शिवायचे की नाही, हा प्रश्न मुलींनी विचारला तर उत्तर मात्र बहुतेक वेळा घरावर सोपवले जाते.